धंदाच करायचा तर पीएचडी कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून एका आयटी कंपनीची ऑफर हातात आहे. तिला मात्र पीएचडी करायची आहे आणि पुढे रोगनिदानाच्या चाचण्या बनवणारी कंपनी काढायची आहे. अमेरिकेतल्या संगीता भाटिया यांचं उदाहरण रोज जेवताना ऐकवते. मी बँकेत आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन. माझं म्हणणं एवढंच की प्राध्यापक व्हायचं की धंदा करायचा, एक काय ते ठरव. धंदाच करायचा तर पीएचडीत पाच वर्षं कशाला घालवायची? शिवाय इथली एक खासगी संस्था 'बायोटेक उद्योजकता' असा सहा महिन्यांचा कोर्स घेते. फी पंच्याऐंशी हजार. तो करू द्यावा का?
— एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार. पाच वर्षं गुंतवायची तर हाती काय लागणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मुलगी हॉटेल काढणार असती किंवा अ‍ॅप बनवणार असती, तर मीही तुमच्याच बाजूनं बोललो असतो. पण चाचणीच्या धंद्यात गिऱ्हाइकाला विकायचं असतं ते एक उत्तर : आजार आहे की नाही. ते उत्तर कधी, कुठे आणि का चुकतं हे ज्याला नेमकं ठाऊक, त्याचाच माल टिकतो. आणि हे शिकायला प्रयोगशाळेत वर्षं घालवण्यावाचून मला तरी दुसरा रस्ता माहीत नाही. तेव्हा पीएचडी आणि धंदा असे दोन फाटे तुम्हाला दिसतात, तिथं निदान या क्षेत्रात तरी एकच वाट आहे.

भाटियाबाईंचं उदाहरण तुमची लेक ऐकवते आहे, तर ते पूर्ण ऐका. त्या बायोइंजिनिअर आणि डॉक्टरही आहेत, एमआयटीत प्राध्यापक (अमेरिकेतल्या, पुण्याच्या नव्हे). शरीरात सूक्ष्म कण सोडायचे, आजारात सक्रिय होणारी विकरं (एन्झाइम) त्या कणांवरचे तुकडे कापतात, ते तुकडे लघवीत उतरतात आणि लघवी तपासून आजाराचा माग काढायचा, अशी ती कल्पना. त्यावरचा महत्त्वाचा शोधनिबंध २०१३ चा. त्या कामातून ग्लिम्प्स बायो ही कंपनी निघाली. सहसंस्थापक गेब्रियल क्वाँग हे त्यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केलेले. आता गंमत बघा. कंपनी काढली म्हणून बाईंनी प्राध्यापकी सोडली नाही. क्वाँगही जॉर्जिया टेक विद्यापीठात प्राध्यापक झाले. कंपनी चालवायला वेगळी माणसं नेमली गेली. आणि २०२३ मध्ये सनबर्ड बायो या दुसऱ्या कंपनीनं ग्लिम्प्स विकत घेतली. म्हणजे शोध लावणारा, कंपनी काढणारा आणि कंपनी चालवणारा अशा तीन खुर्च्या असतात. तिन्हींवर एकच माणूस बसेल असं नाही.

आपल्याकडेही तेच दिसतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक नवकांत भट आणि त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी विनय कुमार यांनी मधुमेहाच्या चाचण्यांसाठी हातात मावणारं यंत्र केलं आणि पाथशोध ही कंपनी उभी केली. प्राध्यापक संस्थेतच राहिले, कंपनी सांभाळली विद्यार्थ्यानं. तुमच्या लेकीनं स्वतःला आज भाटियांच्या जागी बघण्यापेक्षा या विद्यार्थ्याच्या जागी बघावं, असं मला वाटतं. ती जागा तिच्या आवाक्यातली आहे.

आता तिला एक काम सांगा. सिकलसेल या विदर्भात बऱ्याच आढळणाऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची सोल्युबिलिटी टेस्ट कुठल्याही सरकारी लॅबमध्ये जाऊन डोळ्यांनी बघून यायची. विदर्भात राहून हे न बघता निदानाच्या कंपनीचं बोलणं मला पटत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं रक्त एका द्रावणात टाकतात, काही मिनिटं थांबतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. स्वस्त, सोपी, शिबिरात करण्याजोगी चाचणी. पण एकाच पालकाकडून दोष आलेला वाहक (एएस) आणि दोघांकडून आलेला आजारी (एसएस), दोघांचीही नळी गढूळच होते. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी मोठ्या लॅबमधली तपासणी करावी लागते. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे आजार असूनही रेघा स्वच्छ दिसू शकतात. हिमोग्लोबिन फार उतरलेल्या बाईचंही तेच. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं उद्दिष्ट सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं आहे. एवढ्या लोकांमध्ये ही 'गढूळ' आणि 'स्वच्छ'ची चूक किती घरांपर्यंत पोचते, याचा विचार तिला तिथल्या टेक्निशियनशेजारी उभं राहिल्यावर आपोआप सुचेल. खोक्यावर 'तीस अंशांच्या आत ठेवा' असं छापलेलं रॅपिड किट मे महिन्यात नागपूरहून गडचिरोलीला जीपमधून जातं तेव्हा त्याचं काय होतं, हेही विचारायला सांगा. टेक्निशियन लोक खूप सांगतात. त्यांना कुणी विचारत नाही.

घरी एक गणितही घाला. चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी पंच्याण्णव बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी पंच्याण्णवांना बरोबर सोडते. ऐकायला झकास. आता दहा हजार लोक तपासले आणि त्यांत शंभरच आजारी असले, तर ९५ खरे रुग्ण सापडतील आणि ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणांनाही 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळेल. पॉझिटिव्ह ५९०, त्यातले खरे ९५. म्हणजे सहातल्या पाच जणांना उगाच घोर. ही आकडेमोड तिला पटकन जमली आणि जमल्यावर ती अस्वस्थ झाली, तर मुलगी या कामाची आहे.

याउलट अमेरिकेतल्या थेरॅनॉस या रक्तचाचणीच्या कंपनीचं काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. एलिझाबेथ होम्सनं १९ व्या वर्षी स्टॅनफर्ड सोडून कंपनी काढली, बोटाच्या थेंबभर रक्तात ढीगभर चाचण्या करण्याचं सांगितलं, पैसा अमाप आला, चाचण्या मात्र बरोबर येईनात. २०१८ मध्ये कंपनी बंद, पुढे फसवणुकीबद्दल तुरुंग. तिथं पैशाची कमतरता कधीच नव्हती.

आता वेळ आणि पैसा, तुमचा खरा विषय. पीएचडीत खर्च तुमचा होत नाही. फेलोशिप २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. आयटीच्या पगाराशी तुलना केली तर सुरुवातीला फार फरक नाही, पाचव्या वर्षी मात्र मित्रमैत्रिणी पुढे गेलेल्या दिसतील. ते तिला टोचेल, तुम्हाला जरा जास्तच टोचेल. कंपनीसाठी बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान आहे. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, पण त्यात यंत्राचा पहिला नमुना तयार होतो, बाजार गाठता येत नाही. त्यापुढे परवाना आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार चाचण्या धोक्याप्रमाणे ए ते डी अशा चार वर्गांत मोडतात. ए आणि बी राज्याकडे, सी आणि डी थेट दिल्लीकडे. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे चाचणीचं यंत्र आज क्षयरोगासाठी गावोगाव दिसतं, पण जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली तेव्हा त्यामागे दहा वर्षांहून जास्त काम होतं. म्हणून स्पष्टच सांगतो : तुमच्या ग्रॅच्युइटीतला एक रुपयाही तिच्या कंपनीत घालू नका. प्रेम कमी आहे म्हणून नाही. या धंद्याला लागणारी रक्कम तुमच्या ग्रॅच्युइटीच्या कैक पट असते, तुमचे पैसे पहिल्या सहा महिन्यांत दिसेनासे होतील.

पेटंटचं एक तिच्या कानावर घाला. संस्थेत लावलेल्या शोधाची मालकी बहुधा संस्थेची असते, कंपनीला तो परवान्यानं घ्यावा लागतो. आणि शोधनिबंध आधी छापला, पेटंटचा अर्ज नंतर केला, तर नावीन्य संपलं म्हणून अर्ज अडतो. आपल्या कायद्यात नुसत्या निदानाच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, किट किंवा यंत्राला मिळू शकतं. गाइडला हे पहिल्या वर्षीच विचारायचं.

गाइड निवडणं हे कॉलेज निवडण्याहून मोठं आहे. आयआयटी मुंबई, भारतीय विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा वैद्यकीय संस्था, या जागा चांगल्याच. पण प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या : तुमच्याकडे रुग्णांचे नमुने कुठल्या हॉस्पिटलातून येतात, आणि तुमच्या सरांचं एखादं तंत्र आजवर कुठल्या कंपनीनं घेतलंय का? पहिल्याचं उत्तर 'अजून येत नाहीत' असेल तर पाच वर्षं बनावट द्रावणांवर जातील.

गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, बीएम. फॉर्म भरला असेलच. परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तोवर आयटीची ऑफर नाकारायची घाई नको, जॉइनिंग साधारण त्यानंतरच असतं. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट एचओडींचं पत्र घेऊन नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा एम्स या हॉस्पिटलांच्या पॅथॉलॉजीत करता आला तर सोनंच. व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेतही आयआयटी मुंबईच्या 'बेटिक' या वैद्यकीय उपकरण केंद्राच्या जाळ्यातला विभाग उभा राहिलेला आहे. तिथं जाऊन कोण काय करतंय ते बघायला पैसे पडत नाहीत.

राहिला तो पंच्याऐंशी हजारांचा कोर्स. बायरॅकच्या अर्जात त्या प्रमाणपत्राला रकाना नाही. करू देऊ नका.