गळती शेवटच्या सत्रात का होते?

आपण विचारले आहे की, न्यू जर्सीतील आपल्या शिक्षक-प्रशिक्षण विभागात दरवर्षी चार-पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थी येतात, पण पदवीपर्यंत त्यांतले निम्मेच टिकतात; अशा वेळी नव्या पर्यवेक्षकाने काय करावे? मी याच राज्यात अनेक वर्षे छात्राध्यापकांचे पाठ पाहत आले आहे आणि माझ्या मते आपण प्रवेशाकडे नव्हे, सराव अध्यापनाच्या सत्राकडे पाहावे.

‘ही मुले या पेशात रमतच नाहीत’ असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नका. इतिहास वेगळेच सांगतो. शाळांतील वर्णाधारित विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या ब्राउन निकालानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा एकत्र करताना कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि त्यांच्या हजारो शिक्षकांना घरी बसवले गेले. आज देशातल्या सरकारी शाळांत दहांपैकी सुमारे आठ शिक्षक गोरे आहेत, तर गोरे विद्यार्थी निम्म्याहूनही कमी.

शेवटच्या सत्रात विद्यार्थ्याने दिवसभर शाळेत शिकवायचे, बहुधा विनावेतन, आणि त्याच सत्राची फीही भरायची. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीची पाठ टाचणे नेहमी पहाटे चारच्या सुमारास येत असत. ‘नियोजनात ढिलाई’ असा शेरा मी दोनदा लिहिला. एकदा तिला गाडीतून घरी सोडताना कळले की ती गोदामातली रात्रपाळी संपवून टाचण पाठवते आणि दोन बस बदलून पावणेआठला वर्गात उभी राहते. तो शेरा मी खोडला, पण तो लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा होता, हे शल्य आहेच. नंतर तिला घराजवळची शाळा मिळवून दिली, तेव्हा कुठे तिचे गाडे रुळावर आले. म्हणून शाळा ठरवण्याआधीच प्रत्येकाला विचारा: नोकरी कोणती, कोणत्या वेळी, आणि येण्याजाण्याची सोय काय?

आर्थिक मदतीत भावी शिक्षकांसाठीचे केंद्र सरकारचे टीच अनुदान वर्षाला 4,000 डॉलरपर्यंत मिळू शकते, मात्र आठ वर्षांत चार वर्षे गरीब वस्तीच्या शाळेत, शिक्षकांची टंचाई असलेला विषय शिकवला नाही, तर त्याचे सव्याज कर्ज होते. ही अट सही करण्यापूर्वीच समजावून सांगा. केंद्राच्या इतर निधीवर विसंबू नका, कारण फेब्रुवारी 2025 मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाची 60 कोटी डॉलरहून अधिक अनुदाने रद्द केल्याचे केंद्रीय शिक्षण विभागाने जाहीर केले. आपल्या प्रशिक्षण विभागाचा स्वतःचा छोटा आपत्कालीन निधी गरजेच्या निकषावर सर्वांसाठी खुला ठेवावा. परीक्षांचा भार आपल्या राज्यात थोडा हलका झाला आहे: एडटीपीएची, म्हणजे छात्राध्यापकाच्या पाठांचे चित्रण व लेखन तपासणाऱ्या मूल्यमापनाची, सक्ती 2022 मध्ये गेली आणि शिक्षक-परवान्यासाठीची वाचन-लेखन-गणित या मूलभूत कौशल्यांची प्रॅक्सिस परीक्षा 1 जानेवारी 2025 पासून. विषयाची प्रॅक्सिस मात्र आहेच, तेव्हा तिचे शुल्क आणि तयारी सराव सत्राच्या आधीच्या उन्हाळ्यात उरकून घ्यावी.

सर्वांत नाजूक भाग मार्गदर्शक शिक्षकाचा, म्हणजे ज्याच्या वर्गात छात्राध्यापक सराव करतो त्या शाळेतल्या शिक्षकाचा. एका मूल्यमापनात मी कृष्णवर्णीय छात्राध्यापकाविषयी ‘आवाज चढा, वावर आक्रमक’ असे वाचले. त्याच शिक्षिकेने तितक्याच मोठ्या आवाजाच्या गोऱ्या मुलाविषयी ‘वर्गावर उत्तम छाप’ असे लिहिले होते. वाद घालून काही साधत नाही. कोणत्या मिनिटाला, कोणते वाक्य, आणि त्यावर मुलांनी काय केले, एवढेच लिहून मागा. निम्मे शेरे तिथेच गळून पडतात. चर्चासत्रात ‘शहरी मुलांचा’ (म्हणजे बहुधा गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांचा) विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा गटातल्या एकाच कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो विद्यार्थ्याकडे वळतात, हेही पाहून ठेवा. वर्गापुढे ठेवायचे उदाहरण आपण आधीच तयार करून न्यावे, त्याच्याकडून वदवून घेऊ नये.

साउथ कॅरोलायनात 2000 साली क्लेमसन विद्यापीठाशी जोडून सुरू झालेल्या ‘कॉल मी मिस्टर’ या, मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक घडवणाऱ्या, उपक्रमात फीच्या मदतीइतकाच भर एकमेकांच्या सोबतीवर आहे. आपल्याकडे चारच विद्यार्थी असतील तर त्यांना चार शाळांत विखरू नका, दोघादोघांना एका शाळेत द्या. शाळांशी करार वसंतातच होतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची मागणी आताच नोंदवावी.