कानात सारखं कुंईऽऽ वाजायलंय, कशामुळं होत असंल?

लई वेळा मोठ्या आवाजामुळंच होतं बघा. आमचे काका सोयाबीनच्या हंगामात दिवस दिवस मळणीयंत्रापाशी उभे राहायचे अन् रात्री उशीला डोकं टेकलं की कानात रातकिडा ओरडल्यासारखं व्हायचं, 85 डेसिबलच्या वर 8 तास म्हणजे कानाला धोकाच अन् डीजे तर त्याच्या कितीतरी वर असतो. बाकी मळ घट्ट बसणं, वय, बीपी, काही गोळ्या-इंजेक्शनं यानंबी होतं. तेल नाहीतर काडी घालू नका हो, पडद्याला आधीच भोक असलं तर अजून बिघडतं. एकाच कानात वाजत असंल किंवा नाडीसारखं ठकठक होत असंल तर कानाच्या डॉक्टरला दाखवाच, अन् एकदम ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा.