ब्रेक ऑइल जातंय कुठे?

प्रश्न: माझ्याकडे 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. चारही चाकांना ड्रम, बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) नाही, ब्रेकची लाइन एकच. दर आठवड्याला टाकीतलं ब्रेक ऑइल बोटभर खाली जातं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. पेडल पहिल्यांदा खोल जातं, दोनदा मारलं की वर येतं. गॅरेजमध्ये सांगतात, ऑइल भरत राहा, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. खरंच चालतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही, अजिबात नाही. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. आठवड्याला बोटभर उतरतंय म्हणजे ते बाहेर पडतंय. तुमच्या गाडीला लाइन एकच असल्यामुळे कुठलंही एक वॉशर (सिलिंडरमधलं रबरी सील) फाटलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातील आणि हाताशी फक्त हँडब्रेक उरेल. खंबाटकीच्या उतारावर तेवढ्यावर गाडी थांबत नाही. काम होईपर्यंत गाडी उभीच ठेवा.

जमीन कोरडी दिसते, कारण ऑइल लपायच्या दोन जागा असतात. एक ड्रमच्या आत, तिथे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे, ते शोषून घेतात. दुसरी मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरच्या) पेडलकडच्या टोकाला, रबरी बुटाच्या आत. आधी पेडल घट्ट दाबून पाय मिनिटभर तसाच धरा. पेडल हळूहळू खाली सरकलं, पण टाकीतली पातळी घटत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं वॉशर आतल्या आत दाब सोडतंय. पातळीही घटते म्हटल्यावर गळती बाहेरची. मग टॉर्च घेऊन प्रत्येक चाकाची आतली बाजू बघा. बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला ओलसर काळा ओघळ, टायरच्या आतल्या भिंतीवर चकाकी, फुगलेला रंग, यातलं काही दिसलं तर तेच चाक. मागच्या चाकात ओल सापडली तर ती ॲक्सलच्या गिअर ऑइलचीही असू शकते. बोटाला लागलेला थेंब ग्लासभर पाण्यात सोडा: ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं.

आता ड्रम काढा. पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, ब्रेकचे शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ड्रमजवळ आणणारा ॲडजस्टर पूर्ण सैल करा. आतली धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून धूळ पाण्याने भिजवून फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरच्या (शू ड्रमवर दाबणाऱ्या चाकातल्या सिलिंडरच्या) बुटाची कड बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर घाबरायचं कारण नाही. थेंब ओघळला तर सिलिंडर गेलाच.

तो का गेला, हे कळल्याशिवाय नुसतं वॉशर किट टाकू नका. ग्लायकोलचं ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, त्यातून गाडी उभी असली तर, ते पाणी सिलिंडरच्या बीडाच्या बोअरला (आतल्या पोकळीला) खालच्या बाजूने गंजवतं. पिस्टन काढून बोअर उजेडात धरा आणि नखाने चाचपा. नुसते डाग असतील तर ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने ते जातात. नख अडकेल असा खड्डा असेल, तर नवं वॉशर तिथेच पुन्हा कापलं जाणार. मग सिलिंडर बदला किंवा लेथवाल्याकडून मूळ मापाची स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घ्या. घासून घासून बोअर मोठं करणं हा त्यावरचा उपाय नाही.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल, साधं ग्रीस यांतलं काहीही वॉशरला लावू नका. रबर फुगतं, पिस्टन अडकतो आणि चाक जाम होतं. धुवायला ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर, बसवताना ताजं ब्रेक ऑइल. वॉशरची ओठासारखी कड ऑइलच्या बाजूला हवी. ऑइल प्यायलेले लायनर जाळून, धुऊन कोरडे होत नाहीत, गरम झाले की पुन्हा पाझरतात आणि गाडी एका बाजूला ओढते. म्हणून एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर एकदमच बदला.

आमचं स्पष्ट मत: एक सिलिंडर गळतोय म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही रांगेत आहेत. चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट आणि सगळे रबरी होज (लवचिक नळ्या) एकाच वेळी करा. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून वाट बंद करतो. मग ब्रेक लागतो आणि सुटत नाही. लोखंडी पाइप क्लिपच्या खाली गंजतो, म्हणून क्लिप सोडूनच बघा. जोडावर टेफ्लॉन टेप लावू नका, तिथला सील फ्लेअरच्या, म्हणजे पाइपच्या रुंद केलेल्या टोकाच्या, धातूचा असतो. तांब्याची वॉशर मात्र दर वेळी नवी.

लाइनमध्ये शिरलेली हवा काढण्याआधी शू ॲडजस्ट करून घ्या, नाहीतर पेडल खोलच राहील. तुमचं पेडल दोनदा मारल्यावर वर येतं, यात सैल शूचाही वाटा असू शकतो. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत हवा काढायचा क्रम असा: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, उजवं पुढचं. चाकाच्या सिलिंडरवरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) नळी लावून तिचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबायचं आणि दुसऱ्याने निपल बंद केल्यावरच सोडायचं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पिस्टन रोजच्या चालीपलीकडच्या गंजलेल्या भागात गेला की वॉशर फाटतं आणि नवी गळती सुरू होते. पूर्ण लाइन बदलायला लिटरभर ऑइल हाताशी असू द्या. बरणीतलं ऑइल परत टाकीत ओतू नका. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

प्रश्न: मॉरिस मायनरमध्ये मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली चासीत आहे. बाहेर काढताना बोल्ट टॉर्शन बारला (सस्पेन्शनच्या पिळणाऱ्या सळईला) अडतो. बार काढावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: बोल्ट निघायला बार बाजूला करावाच लागतो, पण त्यात सस्पेन्शनचा ताण साठलेला असतो. खालच्या आर्मला जॅकचा आधार देऊन ताण उतरवल्याशिवाय हात घालू नका. हे काम आधी केलेला माणूस सोबत असलेला बरा. आणि रोजच्या देखभालीत, फ्लोअरवरचं बूच उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने, मग ओल्या फडक्याने काढा. गाडीच्या आतली धूळ थेट टाकीत पडते आणि बोअर ओरखडतं.

प्रश्न: डॉट 3 प्रतीच्या ब्रेक ऑइलच्या जागी डॉट 5 भरलं तर गंज थांबेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: डॉट 5 सिलिकॉनचं असतं. ते ओल ओढत नाही, रंगही खात नाही, पण डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. नुसतं वरून भरलं तर काम बिघडेल. सगळी लाइन रिकामी, कोरडी आणि रबर नवं, तरच त्याचा विचार करा. त्यातले हवेचे बुडबुडेही लवकर निघत नाहीत. आम्ही डॉट 4 सुचवू: कोरडं असताना ते किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 3 साठी हा आकडा 205 आहे. नावातल्या साधर्म्यामुळे डॉट 5.1 आणि डॉट 5 यांची गल्लत होते. 5.1 ग्लायकोलचं आहे आणि डॉट 4 मध्ये मिसळतं. समुद्रकाठच्या हवेत दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, ऑइल बदला. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वेळी वापरू नका.