रात्रीच कॅमेरा बिघडतो? भर दुपारी रात्र करून बघा

घराबाहेर लावलेला तुमचा वायफाय सीसीटीव्ही कॅमेरा रात्रीच बिघडतो, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. दिवसा चित्र स्वच्छ, अंधार पडला की सगळे चौकोन चौकोन, माणूस चालता चालता मध्येच थिजतो, मग 'डिव्हाइस ऑफलाइन'. नेटचा स्पीड १०० एमबीपीएस, तरी हे असं. आणि आता २ मेगापिक्सेलचा काढून ४ मेगापिक्सेलचा घेऊ का, असं तुम्ही विचारताय. नका घेऊ. निदान या आठवड्यात तरी नका. मी घेतला होता, आणि त्याचं चित्र जुन्यापेक्षा वाईट आलं.

लेन्स पुसली असेल, अ‍ॅपमध्ये एचडी निवडलं असेल, राउटर बंद-चालू केला असेल असं धरून चालते.

जास्त मेगापिक्सेल म्हणजे त्याच वायफायवरून जास्त डेटा ढकलायचा. त्यात सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) तेवढाच असेल तर एकेका पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, रात्री चित्रात दाणे वाढतात, आणि बिटरेटचा (दर सेकंदाला पाठवायच्या डेटाचा) बराच भाग ते दाणे दाखवण्यातच खर्च होतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी हेल्पलाइनच्या भरवशावर होते.

त्या हेल्पलाइनचं नाव घेत नाही. दर फोनला नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, राउटर रीस्टार्ट करून बघा." मग "संध्याकाळी नेटवर लोड असतो." हे पटण्यासारखं होतं म्हणूनच मी फसले. अंधार पडायची वेळ आणि सगळ्यांनी मोबाईल-टीव्ही लावायची वेळ साधारण एकच असते ना! पाचव्या की सहाव्या फोनवर एकाने सांगितलं, "मेमरी कार्ड फॉरमॅट करा." आणि मी केलं.

सगळ्यात महागात पडलं ते हे. त्या कार्डावरच्या रेकॉर्डिंगमध्ये रोज अंधार पडल्यापासून दर दहा-पंधरा मिनिटांनी खंड होता. कार्डावरचं रेकॉर्डिंग वायफायवरून जातच नाही, कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात होतं. म्हणजे तिथेच खंड असेल तर नेटचा, राउटरचा काही संबंध उरत नाही. पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो स्वतः पुसला. पुढच्या फोनवर त्यांनी काय मागावं? "जुन्या रेकॉर्डिंगचा नमुना पाठवा." नाही म्हटल्यावर तक्रार बंद. 'समाधान झाले' असा मेसेजसुद्धा आला. असो.

खरा चोर योगायोगाने सापडला. भिंत रंगवायची होती म्हणून कॅमेरा काढून आत टेबलावर ठेवला आणि त्याच्यासोबत आलेल्या १ मीटरच्या केबलने जोडला. त्या रात्री एकदाही अडखळला नाही. बाहेर त्याला मी ५ मीटरची केबल ओढली होती, आणि ती भिंतीवर दिसू नये म्हणून मुद्दाम बारीक निवडली होती!

गणित सोपं आहे. अशा केबलमधल्या २८ गेजच्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) तारेला मीटरमागे साधारण ०.२ ओहम रोध असतो. ५ मीटर जायला, ५ मीटर यायला, म्हणजे २ ओहम. दिवसा कॅमेरा समजा ०.३ अँपिअर ओढतो, तर ०.६ व्होल्ट वाटेत जातात; ५ चे ४.४ उरतात, कसंबसं भागतं. रात्री आयआर (अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड) दिवे लागले आणि ओढ ०.७ वर गेली की १.४ व्होल्ट गायब, हातात ३.६. तुमच्या कॅमेऱ्याचे आकडे वेगळे असतील, पण प्रकार हाच. एवढ्यावर कॅमेरा लगेच मरत नाही. वायफाय अडखळतो, डेटा गळतो, गळलेल्या जागी चौकोन दिसतात; फारच उतरलं की तो स्वतःच रीस्टार्ट होतो.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. भर दुपारी अ‍ॅपमध्ये नाईट व्हिजन 'ऑटो'वरून 'ऑन'वर टाका. तशी सोय नसेल तर कॅमेऱ्यावर जाड काळं कापड टाका. आयआर दिवे लागले का ते जरा निरखून बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते मंद लालसर दिसतात. मग अर्धा तास थांबा. दुपारीच गडबड सुरू झाली, तर संशय केबल-अडॅप्टरवर, नेटवर नाही. दुपारी ठीक आणि संध्याकाळीच बिघडत असेल, तर मात्र हेल्पलाइनवाले (नाइलाजाने म्हणते) बरोबर असू शकतात.

तसं निघालं तर डाउनलोडचे १०० विसरा, अपलोड, म्हणजे घरातून नेटवर डेटा पाठवायचा स्पीड, किती आहे ते बघा. २ मेगापिक्सेलला साधारण २ ते ४ एमबीपीएस अपलोड सतत लागतं, तेही एका कॅमेऱ्याला. अ‍ॅपमध्ये वायफायचा सिग्नल -७० डीबीएम किंवा त्याहून कमकुवत (-७५, -८० असा) असेल तर राउटर सरकवा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चॅनेल 'ऑटो' न ठेवता १, ६, ११ पैकी ज्यावर गर्दी कमी तो लावा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. भिंती मध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झच्या मागे लागू नका, ते भिंतीपुढे लवकर हात टेकतं.

आणि चौकोन नसून पांढरं धुकं दिसत असेल तर ते प्रकरणच निराळं: समोर काच, अगदी जवळची भिंत किंवा लेन्ससमोर कोळ्याचं जाळं. आयआर त्यावरून उलटून येतो. जाळं तर दर काही दिवसांनी झाडावंच लागतं. कोळ्यांना तो कोपरा का आवडतो कोण जाणे. बहुधा दिव्याकडे येणाऱ्या किड्यांमुळे.

मी इलेक्ट्रिशियन नाही, स्वतःच्या चुकांवरून बोलतेय. केबलच दोषी ठरली तर २० किंवा २२ गेजची जाड घ्या, नाहीतर माहीतगार माणसाकडून प्लगच कॅमेऱ्याजवळ आणून घ्या आणि कॅमेऱ्याची केबल आखूड ठेवा. नुसता २ अँपिअरचा अडॅप्टर आणून बारीक तारेतली गळती थांबत नाही. आणि कोणी ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावायला सांगितलं तर मुळीच ऐकू नका, कॅमेरा जळेल.

कार्डाला हात लावण्याआधी त्यावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुपारची चाचणी झाली की केबल किती मीटरची आहे आणि अडॅप्टरवर आउटपुट काय छापलंय ते इथे लिहा, मग पुढचं बघू.