चार ओळींचे पैसे कसले? : व्हिडिओ आणि लिखाणाची कामं घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापूरचा, वय २७. मी आणि माझा मित्र मिळून व्हिडिओची कामं घेतो, तो कॅमेरा बघतो, माझ्याकडं लिखाण आणि एडिट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याची) फिल्म केली, सात मिनिटांची, सगळं मिळून ४० हजार ठरले होते. शूट दोन दिवसांत झालं पण स्क्रिप्टसाठी मी चार वेळा गेलोय तिथं, आधी मराठीत लिहिली, मग मालकांचा मुलगा म्हणाला हिंदी पाहिजे, परत पहिल्यापासून. एडिट झाल्यावर हे काढा ते घाला असं सहा वेळा झालं. १५ हजार मिळालेत, बाकीचे २५ तीन महिने झाले मिळेनात, फोन केला की म्हणतात अरे देतोय की, पळून चाललोय काय आम्ही. आता त्यांनीच दुसऱ्या युनिटच्या फिल्मसाठी बोलावलंय. काय करू? आणि स्क्रिप्टचे वेगळे पैसे मागितले की 'चार ओळी तर लिहायच्यात' म्हणतात, त्यांना काय सांगायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण सगळं दुखणं तिथंच आहे. कॅमेरा, लाईट, ट्रायपॉड हे क्लायंटला डोळ्यांना दिसतं, गाडीतून सामान उतरतं, दोन पोरं घाम गाळतात, त्यामुळं शूटचे पैसे मागितले की कुणी 'का?' म्हणत नाही. लिखाण दिसत नाही. सात मिनिटांच्या फिल्ममधून मशीनचे आवाज, म्युझिक, मालकांचं बोलणं वजा केलं की निवेदन उरतं चार-सव्वाचार मिनिटांचं, मिनिटाला साधारण १२० शब्द धरले तर झाले पाचशे शब्द, म्हणजे दीड पान. त्यांच्या हातात ते दीड पानच पडतं ना, मग त्यांना चार ओळीच वाटणार, आणि आपणही एकच आकडा सांगून त्यांचा तो समज पक्का करतो.

मी पण एका फाउंड्रीची फिल्म लिहिली होती. पहिल्या दोन भेटींत मला ऑफिसातच बसवलं, चहा, ब्रोशर, स्थापना कधी, टर्नओव्हर किती, सर्टिफिकेटं किती. तिसऱ्या वेळी मी हट्टानं सकाळी भट्टीपाशी जाऊन उभी राहिले, एक वयस्कर कामगार लॅडलमधून, म्हणजे मोठ्या पळीतून, साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतत होते, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ओतताना मधे थांबायचं नसतंय, थांबलं की आत जोड राहतोय, वरनं दिसत नाही पण पीस तिथंच फुटतोय." फिल्म त्या वाक्यानं सुरू झाली, आणि मालकांनी नंतर येणाऱ्या पाहुण्यांना तेच वाक्य ऐकवायला सुरुवात केली. ते एक वाक्य मिळायला तीन भेटी लागल्या. बिलात मात्र मी स्क्रिप्टचा रकाना कोराच ठेवला होता, आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून आता कोटेशन देताना एक आकडा देऊ नकोस. स्क्रिप्ट वेगळी, शूटचा दर दिवसाचा वेगळा, एडिट वेगळं, निवेदकाचा आवाज वेगळा, म्युझिकचं लायसन्स वेगळं. एकूण रक्कम तेवढीच आली तरी चालेल, पण स्क्रिप्टच्या ओळीपुढं आकडा दिसला पाहिजे आणि त्याच्याखाली लिहायचं की यात दोन भेटी आणि दोन वेळा दुरुस्ती धरलीय, भाषा बदलली तर ते नवीन काम. घासाघीस होईलच, होऊ दे, तेव्हा रक्कम कमी करण्याऐवजी काम कमी कर, एक भेट कमी किंवा एक मिनिट कमी. फुकट काहीच टाकू नकोस, कारण एकदा फुकट दिलेल्या गोष्टीला पुढच्या वेळी किंमत लावता येत नाही, हे मी फार भोगलंय.

आणि स्क्रिप्टवर ओके घेतल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही. ओके म्हणजे तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर, आणि ज्याच्या हातात शेवटचा निर्णय आहे त्याच माणसाचं. तुझ्या सहा दुरुस्त्यांपैकी निम्म्या तरी अशा असणार की मालकांनी एक सांगितलं आणि मुलानं दुसरं. एका माणसाचं नाव कोटेशनमधेच लिहून घ्यायचं, बदल फक्त तेच सांगतील. मी स्वतः निम्मे पैसे आधी घेते, तीस टक्के शूट संपल्यावर आणि उरलेले फायनल फाईल द्यायच्या आधी, बघायला जी कॉपी देते तिच्यावर वॉटरमार्क असतो.

आता अडकलेले २५ हजार. फोन बंद कर आणि लेखी माग. बिल दिलंयस का? नसेल तर आजच पाठव, तारखेसकट, सोबत काम पोचल्याचे मेसेज जोड. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, आधारवर ऑनलाईन होते, पूर्ण मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असं आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं, तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाईन करता येते. पण नोंदणीच्या आधी झालेल्या कामाला हा आधार मिळेल असं धरून चालू नकोस, हे पुढच्या कामांसाठी आहे. पुढं आणखी एक सोपा मार्ग आहे, त्यांच्या अकाउंटंटशी बोलायचं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नियम असा आहे की नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्षात देईपर्यंत कंपनीला तो खर्च इन्कम टॅक्समधे धरता येत नाही. मार्च जवळ आला की अकाउंटंट स्वतः फोन करतो.

या जुन्या २५ साठी मात्र तुझ्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती दुसरी फिल्म. मालकांना समोर बसून नीट सांग, काका, काम आनंदानं करतो पण आधीचा हिशोब पूर्ण झाला की मगच पहिली भेट. आवाज चढवायचा नाही आणि ओशाळायचं पण नाही. नाही म्हणाले तर ते काम सोड. तशीच वेळ आली तर वकिलाची नोटीस आहेच, वसुलीचा दावा करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नकोस.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४६, नागपूर. शाळा सांभाळून माहितीपटांची आणि जाहिरातींची संहिता लिहिते. एका संस्थेसाठी मराठी संहिता लिहिली, पैसे मिळाले, आता मला न विचारता ते त्याची हिंदी फिल्म करताहेत आणि पुस्तिकाही काढताहेत. पैसे दिले म्हणजे सगळं त्यांचं झालं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, नाही झालं. बऱ्याच लोकांची इथं गल्लत होते कारण व्हिडिओचा आणि लिखाणाचा नियम वेगळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल तर त्या फिल्मचा हक्क करून घेणाऱ्याचा. संहितेचं तसं नाही, तुम्ही त्यांच्याकडं नोकरीला नसाल तर ती लिहिणाऱ्याची, म्हणजे तुमची. हक्क द्यायचे असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात आणि कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत.

तेव्हा आधी जुने मेल आणि पावत्या काढून बघा, नकळत कशावर सही तर केली नाही ना. नसेल केली तर संस्थेला साधं पत्र लिहा की मूळ संहिता एका मराठी फिल्मसाठी दिली होती, हिंदी रूपांतर आणि पुस्तिकेसाठी वेगळं मानधन ठरवूया. भांडणाची भाषा नको, पुष्कळदा त्यांना खरंच माहीत नसतं. आणि हिंदी तुम्हीच करून द्याल असं सुचवून बघा, मराठीतला सूर तुमच्याइतका कुणाला सांभाळता येणार? पुढच्या वेळी बिलावरच एक ओळ टाका, ही संहिता अमुक भाषेतल्या एका फिल्मसाठी.

प्रश्न : लग्न आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ करतो. क्लायंट सगळं रॉ फुटेज (एडिट न केलेलं मूळ शूट) मागतात, द्यायचं का? आणि जीएसटी नंबर नसताना बिल देता येतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बिल बिनधास्त द्या, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही, फक्त बिलात जीएसटी लावू नका. कंपनीनं टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच टॅक्स, कापला तर तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या नावावर जमा झालाय का बघा, रिटर्न भरलं की जास्तीचा परत मिळतो.

रॉ फुटेज द्यायचं की नाही हे बुकिंगच्या वेळीच बोला, नंतर बोललं की वाईटपणा येतो. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतात, दोन कॅमेरे आठ तास म्हणजे ७२० जीबी. ते कॉपी करायला अख्खी रात्र जाऊ शकते आणि एक टीबीची डिस्क लागते, डिस्क त्यांची आणि कॉपीचे पैसे वेगळे असं मी सांगते. आणि फुटेज किती दिवस जपून ठेवणार तेही लिहून द्या, मी ९० दिवस ठेवते, डिलीट करायच्या आठवडाभर आधी घरच्यांना फोन करते. एकदा अशाच फोनवर एका मुलीनं सांगितलं की आजी गेल्या, त्यांचं बोलतानाचं काही आहे का बघा ना. हळदीच्या फुटेजमधे चाळीस सेकंद सापडले.