सिमेंटऐवजी झॅन्थन किंवा ग्वार गम घालून माती पक्की होते का? पावसात टिकते का?

पक्की होते. पावसाचं मात्र तुम्ही नेमकं दुखणं विचारलंत.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. पहिल्यांदा झॅन्थन वापरलं तेव्हा कोरड्या मातीच्या वजनाच्या 1 टक्का पावडर घालून चिकणमातीच्या कांड्या केल्या आणि महिनाभर सुकवल्या. साध्या मातीचा जिथे भुगा झाला, तो दाब यांनी सहज पेलला. मी खूश! उरलेली एक कांडी हौसेने रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी बादलीच्या तळाशी बुळबुळीत लगदा.

हे गम म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ग्वार गवारीच्या बियांतून निघतो, झॅन्थन जिवाणूंकडून आंबवून करतात (सॉस दाट करायला घालतात तोच). पाणी मिळालं की साखळ्या फुगून जेल होतं आणि ते कणांना लपेटतं. सुकताना जेल आकसतं आणि कणाकणांत कडक पापुद्रे उरतात. ताकद या पापुद्र्यांची. पुन्हा भिजले की ते परत जेल होतात.

म्हणूनच सिमेंटची सवय इथे उपयोगाची नाही. सिमेंटवर पाणी मारत राहावं लागतं, याला सुकू द्यावं लागतं. जाड थर एकदम घातला तर वरून दगड आणि आत शिरा, अशी गत होते.

मातीचा प्रकारही पाहा. निव्वळ वाळूत गम फक्त दोन कणांमध्ये पूल बांधतो. थोडी चिकणमाती असेल तर झॅन्थनच्या ऋणभारित साखळ्या हायड्रोजन बंधांनी आणि कॅल्शियमसारख्या धन आयनांच्या मध्यस्थीने थेट तिच्या कणांना धरतात, त्यामुळे पकड बरीच वाढते.

प्रमाण साधारण अर्धा ते 2 टक्के. घनमीटरभर कोरडी माती 1700 किलो धरली तर 1 टक्क्याने 17 किलो पावडर. ती आधी कोरड्या मातीत नीट कालवा, मग थोडं थोडं पाणी. थेट पाण्यात ओतलीत तर अशा गाठी होतात की फोडता फोडता हात दुखतील. मिश्रण चिकट असल्याने धुम्मस करतानाही माती नेहमीइतकी दबत नाही.

माझ्या मते पायासाठी किंवा कायम ओल्या जागी हे वापरू नये. उतारावर गवत धरेपर्यंत माती धरून ठेवायला, धूळ बसवायला मात्र उत्तम. सिमेंटमुळे माती इतकी अल्कधर्मी होते की मुळं धरत नाहीत. गम ओल धरून ठेवतो, त्यामुळे रोपांना उलट मदतच होते. मातीतले जिवाणू तो हळूहळू खातात, तोवर मुळांनी ताबा घेतलेला असतो. गंमत म्हणजे ताकद घालवणारं ते फुगणंच छिद्रं बुजवतं, म्हणून झिरपा कमी करायलाही हा चालतो.

भिजूनही टिकायला हवं असेल तर जेलन हा दुसरा गम बघा, पण तो विरघळवायला पाणी 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. मैदानावर टनावारी मातीसाठी हा खटाटोप कोण करणार!

आधी तुमच्याच मातीचे दोन गोळे करा, एक गम घालून, एक साधा. दोन्ही पूर्ण सुकवा, पाण्यात ठेवा आणि घड्याळ लावून बसा.