रस्त्याच्या कामावर पर्यावरणाची जबाबदारी आली आहे. मंजुरीच्या 80 अटी सांभाळायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण सिव्हिलचं, पर्यावरणाचा अनुभव नाही, आणि नव्या रस्त्याच्या कामावर अटींची जाडजूड फाईल हातात देऊन 'हे आता तुम्ही बघा' असं सांगितलंय. मी बरीच वर्षं रस्त्यांच्या साईटवर हेच काम केलंय. माझं सांगणं असं की फाईल उघडायच्या आधी आखणी, म्हणजे रस्ता जिथून जाणार तो पट्टा, पायी फिरा. पाणी कुठून येतं, रस्ता कुठे ओलांडतं आणि शेवटी कुणाच्या शेतात, विहिरीत किंवा नदीत जातं, ते नकाशावर मांडा. रस्त्याच्या कामातलं बहुतेक मोठं नुकसान पाण्याच्या वाटेनंच बाहेर पडतं.

त्यात पहिला नंबर मातीचा. आपण कटिंग करतो, भराव टाकतो, झाडोरा काढतो आणि जमीन उघडी पडते. मग गाळाच्या टाक्या खणल्या की झालं, असं वाटतं. पण हिशेब करून बघा. 0.1 मिमीचा वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली बसायला साधारण 2 मिनिटं घेतो. 0.002 मिमीच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्याच खोलीला तीन दिवसांहून जास्त लागतात. साईटवरची टाकी पाणी इतका वेळ धरून ठेवूच शकत नाही. म्हणून सुटलेली माती पकडण्यापेक्षा ती जागची हलू न देणं हाच खरा उपाय. पुढच्या पावसाआधी झाकता येईल तेवढीच जमीन उघडा. हे काम पर्यावरणवाल्याचं नाही, वेळापत्रक आखणाऱ्याचं आहे, म्हणून नियोजनाच्या बैठकीत तुमची खुर्ची असलीच पाहिजे. त्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा.

गाळ अडवणारं कापड, म्हणजे सिल्ट फेन्स, जवळपास प्रत्येक साईटवर दिसतं आणि बहुतेक ठिकाणी चुकीचं लावलेलं असतं. एकदा भर पावसात मी उताराच्या तळाशी उभा होतो. वरून बघितलं तर कापड ताठ, खुंट्या सरळ, फोटो अगदी छान आला असता. वाकून पाहिलं तर कापडाची खालची कड जमिनीपासून बोटभर वर होती आणि तिथून लाल पाणी सरळ नाल्यात चाललं होतं. कड साधारण 15 सेंमी खोल चरात पुरून वर माती दाबायची असते, ते कुणी केलंच नव्हतं. शिवाय हे कापड 30 मीटर लांबीला जेमतेम 0.1 हेक्टर क्षेत्राचं पाणी झेलतं. वाहत्या नाल्यात ते आडवं बांधायचंच नाही. म्हणून तपासणी पाऊस चालू असताना करा. कोरड्या दिवशी सगळंच ठीक दिसतं.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून जास्त जपायचा. काँक्रीटच्या गाड्या धुतलेल्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, 12 ते 13 (तीव्र अल्कली) असतो, आणि माशांना साधारण 6.5 ते 9 मानवतो. हे पाणी तासाभरात वरून नितळ होतं आणि 'स्वच्छ झालं' म्हणून कुणीतरी ते सोडून देतं. एका मोरीच्या कामावर मी अशा पाण्यात पीएचची पट्टी बुडवली, ती क्षणात गडद निळी झाली. ती पट्टी मी गाडीवाल्यांच्या हातात दिली. त्यानंतर धुण्याच्या खड्ड्याबद्दल मला कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर हवं, आणि तो नाल्यापासून लांब हवा.

डिझेलच्या टाकीभोवती सर्वांत मोठ्या टाकीच्या 110 टक्के मावेल असा बंधारा बांधा. धुळीसाठी पाणी मारा, टिपरचा वेग आवरा. झाडं आणि कामाची हद्द डोझर येण्याआधी फिती बांधून दाखवा, कारण चालकाकडे तुमचा नकाशा नसतो.

आता फाईल. 80 अटींचा तक्ता करा आणि प्रत्येकीपुढे चारच गोष्टी लिहा: कुठल्या चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर), कुठल्या कामाआधी, कुणी करायचं, पुरावा काय. 'ठेकेदार' हे उत्तर धरू नका, माणसाचं नाव लिहा. काही अटी तर काम थांबवणाऱ्या असतात: अमुक सही झाल्याशिवाय त्या पट्ट्यात यंत्र शिरणार नाही. त्या वेगळ्या रंगात ठेवा आणि फोरमनला तोंडी सांगा, कारण फोरमन फाईल वाचत नाही.

आणि पैशाचं बोला. गाळ अडवण्याचं काम 'दरात समाविष्ट' असलं की उपठेकेदार ते सगळ्यात शेवटी करतो किंवा करतच नाही. त्याची वेगळी बाब, मोजमाप आणि दर कंत्राटात घालायला लावा. कापडाची कड चरात पुरलेली आहे का, हे बघूनच बिल पास करा. मला आजवर सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीनं पडलेला दिसलाय.

काही सांडलं, वाहून गेलं तर त्याच दिवशी नियामकाला स्वतः कळवा: वेळ, जागा, किती, काय केलं. मी दोन्ही प्रकारचे साहेब पाहिलेत. लपवणाऱ्यांचं काम जास्त दिवस बंद राहिलं, आणि तोवर खालच्या विहिरीचं पाणी लोक पीतच होते.

तुमच्या आखणीत नाले किती आणि माती कसली आहे ते कळवा, मग पहिल्या महिन्याचा तक्ता मिळून करू.